फोडलेल्या बदामानं रात्र पाहू नये

"बदाम त्याच दिवशी फोडायचा आणि त्याच दिवशी संपवायचा. फोडलेल्या बदामानं रात्र पाहू नये."

रूपल लग्न होऊन मेहरूणच्या या घरात आली, तेव्हा सासूबाईंनी तिला सांगितलेली पहिली गोष्ट ही. त्यांचं नाव धापूबाई, पण गल्लीपासून पोटच्या मुलापर्यंत सगळे त्यांना अक्काच म्हणत. चातुर्मास नुकताच बसला होता. जैनांचं घर, सुका मेवा बंद. हवा ओली असते, मेव्यात डोळ्यांना दिसणार नाहीत असे जीव पडतात, म्हणून काजू, पिस्ते, अक्रोड सगळे डबे वर ठेवून द्यायचे. चालायचा तो फक्त कवचातला बदाम. निसर्गानं झाकून ठेवलेला असतो म्हणून. पण एकदा फोडला की तो त्या दिवसापुरता.

म्हणून आषाढी चौदसपासून कार्तिकी पौर्णिमेपर्यंत रोज सकाळी अक्का ओट्यावर बसत, पुढ्यात दगड, हातात खलबत्त्याचा लोखंडी दस्ता. ठक, ठक. त्या आवाजानं गल्लीला कळायचं की अक्कांची नवकारशी झाली, सूर्य उगवल्यावर दोन घटका न खायचा नेम सुटला. कवचं एका बाजूला, गर एका बाजूला. मुलाचे, अमनचे, वेगळे; नातीचे वेगळे. चेलना आठ वर्षांची, ती एकेक गर जिभेवर फिरवत शाळेला जायची.

अमनचं दुकान सुक्या मेव्याचंच. वडिलांनी, रुपचंदजींनी, दाणा बाजारात थाटलेलं. अमननं ते नव्या वळणावर नेलं. पाकिटं छापून घेतली, पाकिटामागं कशात किती सत्त्व ते छापलं. शंभर ग्रॅम बदामात प्रथिनं एकवीस ग्रॅम, शिवाय मॅग्नेशियम, कॅल्शियम, ई जीवनसत्त्व. गिऱ्हाईक आलं की पाकीट उलटं करून दाखवायचा. "मूठभर रोज खा, काका. ताकदीला अंड्याच्या तोडीस तोड, आणि पाप नाही." काका हसायचे आणि पाव किलो न्यायचे. अक्का कधी दुकानात बसल्या असल्या की मुलाचं बोलणं ऐकत राहायच्या. त्यांना वाचता येत होतं, पण त्यांनी ते पाकीट वाचलं नाही. मुलाच्या तोंडून ऐकलं, ते पुरेसं होतं.

यादीच्या शेवटी, सगळ्यात बारीक अक्षरांत, पोटॅशियम होतं. ते अमन कुणाला वाचून दाखवत नसे. कुणी विचारतही नसे.

मग एका चातुर्मासात अमनच्या किडन्या गेल्या. रक्तदाब कधीपासून वाढलेला होता, कुणाला कळलाच नाही. पाय सुजले, जेवण जाईना, आणि डॉक्टरांनी थेट डायलिसिसच सांगितलं. आठवड्यातून दोनदा, चार-चार तास. शेजारच्या खुर्चीवर एरंडोलचे खाजाभाई असत. गाद्या भरण्याचं दुकान त्यांचं. हात सुयांना बांधलेले, तोंड मोकळं.

"मेव्याचा दुकानदार आणि त्यालाच मेवा बंद," खाजाभाई म्हणाले. "म्हणजे मला सांगावं, खाजा, तुझ्या गादीवर तू झोपू नको."

"तुम्ही झोपता कुठं? सारखे बोलतच असता," अमन म्हणाला.

"बोलू दे रे. इथं पाण्याला माप आहे, मिठाला माप आहे. बोलण्याला अजून कुणी माप लावलं नाही."

मेवा बंद, हे आहार सांगणाऱ्या डिंपल मॅडमनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं. त्या दिवशी अक्का मुद्दाम बरोबर गेल्या होत्या. डिंपल मॅडम तरुण, आवाज गोड. त्यांनी समजावून सांगितलं, "बदाम वाईट नाहीत, अक्का. तुम्ही खा, नातीला द्या. पण यांची गाळणी बिघडली आहे. बदामातलं पोटॅशियम आपल्या अंगातून लघवीवाटे निघून जातं. यांच्यात ते साठून राहतं. साठत साठत हृदयावर येतं, आणि मग हृदय एकदम थांबू शकतं. बदाम, काजू, पिस्ते, नारळ, केळी, काही नको."

"मग ताकद कशानं येणार?"

"प्रथिनं हवीतच. मशीनमध्ये ती निघून जातात. अंड्याचा पांढरा भाग दिला तर..."

अक्कांनी पदर तोंडाला लावला. अमन खाली बघून म्हणाला, "ते नाही होणार, मॅडम. दुसरं सांगा."

मॅडमनी डबाबंद पावडर लिहून दिली. दोन दिवस अमननं ती घेतली, तिसऱ्या दिवशी ओकली. पनीर थोडं चालायचं, ते त्याला नको वाटायचं.

घरी येताना रिक्षात अक्का म्हणाल्या, "अंड्याला धर्म आडवा, बदामाला त्या बाई आडव्या. मग पोरानं खावं काय, वारा? बाप त्याचा जाताना असाच गळ्याची हाडं दिसेपर्यंत वाळला होता."

"अक्का, मॅडम काय म्हणाल्या ते ऐकलंत ना तुम्ही," रूपल हळूच म्हणाली.

"ऐकलं, बेटा. बहिरी नाही झाले मी."

दुसऱ्या दिवसापासून ठक ठक बंद झाली. चेलनासाठीही अक्कांनी बदाम फोडला नाही. "बापाला मनाई आणि लेकीनं त्याच्यासमोर चघळत बसायचं? नको," म्हणाल्या. दगड धुऊन उभा करून ठेवला. कवचाच्या बदामांचा डबा माळ्यावर गेला.

रूपलला त्या शांततेचा आधार वाटू लागला. सकाळी भाजी कापून ती पाण्यात घालायची, ते पाणी फेकायची, पुन्हा उकळायची, तेही फेकायची. भाजीला मग भाजीची चव राहायची नाही. अमन खाऊन म्हणायचा, "चांगली झालीय," आणि पाण्याची वाटी ओठांना लावून परत ठेवायचा. हे सगळं उरकून ती देरासरला, देवळात, जायची. निघताना ओट्याकडे कान देऊन थांबायची. दस्त्याचा आवाज नाही. बरं आहे.

कार्तिकी पौर्णिमेला साध्वीजी विहाराला, पुढच्या पायी प्रवासाला, निघाल्या. चार महिने उपाश्रयात होत्या. आता एरंडोल, पारोळा, पुढं धुळं. निघण्याआधी रूपलनं त्यांच्याकडं एक नियम घेतला. रोजचे तिचे होतेच, नवकारशी, सूर्यास्तानंतर पाणीही न घेण्याचा चौविहार, दोन घटका एका जागी बसून करायचं सामायिक. हा जन्माचा. असत्य बोलणार नाही.

"विचार करून घे," साध्वीजी म्हणाल्या. "हा नियम घेताना कधीच जड वाटत नाही."

रूपलला खरंच जड वाटला नाही. खोटं बोलायचं तरी कुणाशी होतं? अमनचं काही बरं होईल, या भावनेनं तिनं हात जोडले. साध्वीजी पांढऱ्या वस्त्रांत, अनवाणी, अजिंठा चौफुलीपर्यंत दिसत राहिल्या.

मार्गशीर्षात अमनच्या चेहऱ्यावर थोडा तजेला दिसला. अक्का सकाळी त्याच्यासाठी राब करायच्या, ज्वारीच्या पिठाची पेज, तुपावर परतून. डिंपल मॅडमनी ज्वारीला हो म्हटलं होतं, मोजून. रूपल देरासरला गेली की अक्का राब करायच्या, आणि ती यायच्या आत भांडं घासून पालथं असायचं. दुकानातले वनाभाऊ, रुपचंदजींच्या वेळचे, रोज हिशेब आणि किल्ल्या द्यायला यायचे. अमनला बघून म्हणायचे, "भाऊ, आते मानोस दिसी ऱ्हायनात तुम्ही."

मग महिन्याचा रक्ताचा अहवाल आला. पोटॅशियम वाढलं होतं.

"काय खातात?" डिंपल मॅडमनी विचारलं.

रूपलनं सगळं सांगितलं. सांगताना तिचं तिलाच वाटलं, एवढंसं खाणारा माणूस जगतो कसा. मॅडमनी टोमॅटो काढला. डाळ अर्धी केली. डाळिंबाचे चार दाणे मिळायचे, तेही गेले.

"बदाम वगैरे नाही ना?"

"घरात फुटतसुद्धा नाही, मॅडम."

ताटातून जे जे काढता आलं ते रूपलनं काढलं. ताट जितकं रिकामं झालं तितका अमन वाळला. आणि तो जितका वाळला तितकी अक्कांची राब दाट होत गेली. हे रूपलला दिसत नव्हतं. ती त्या वेळी देवापुढे अक्षतांचा साथिया, स्वस्तिक, काढत असायची.

पौषातल्या एका सोमवारी सकाळी अमन न्हाणीतून बाहेर आला आणि दाराच्या चौकटीला धरून उभा राहिला. "पाय उचलत नाहीयेत," एवढंच म्हणाला. आवाजात घाबरल्यासारखं काही नव्हतं. रूपलनं हात धरला तर हात थंड आणि जड, ओल्या घोंगडीसारखा. तसंच रिक्षात घालून त्याला दवाखान्यात नेलं.

डॉक्टरांनी छातीला तारा लावल्या, कागदाची पट्टी हातात धरली आणि नर्सला भराभर काहीतरी सांगितलं. मग रूपलकडं वळले. "काय खाल्लंय यांनी? केळं? शहाळं? ड्रायफ्रूट?"

"नाही, डॉक्टर. काहीच नाही."

"काहीतरी आहे. एका दिवसात इतकं वाढत नाही. रोज जात असणार."

मशीनची तयारी चालू होती. काल रविवार, केंद्र बंद होतं; त्याची पाळी आज दुपारची होती. तिला आत जाऊ दिलं. अमनला इंजेक्शन दिलं होतं, त्यानं तो थोडा जागा होता. खाटेजवळ पडदा होता आणि पडद्यापलीकडं कुणीतरी खोकत होतं.

"रूपल, बदाम," तो म्हणाला.

"काय?"

"राबेत. कुटून घालते ती."

"पण आवाज..." ती म्हणाली आणि तिथंच थांबली.

तिला सगळं एकदम कळलं. चातुर्मास उठला होता. कार्तिकी पौर्णिमेनंतर मेवा उघडतो. कवचाचा बदाम फोडायची गरजच नव्हती. दुकानातून सोललेले गर आणायचे आणि मिक्सरमध्ये घालायचे, वर्षातले आठ महिने घरात हेच चालायचं. पंचांग तोंडपाठ असलेली ती, रोज सकाळी दारात थांबून एका आवाजाला कान देत राहिली होती, जो या दिवसांत या घरात कधी होतच नसे.

"तुम्हाला माहीत होतं?" तिनं विचारलं.

"मेव्याचा माणूस मी. पहिल्याच घोटाला कळलं. गुरबंदी बदाम होते, चांगल्यातले." तो हसायला गेला, पण गालच हलला. "मी पीत होतो तेवढा वेळ ती समोर बसायची. वाटी रिकामी झाली की तिचा चेहरा... तू बघितला नाहीस. वडील गेल्यापासून तो चेहरा मी बघितला नव्हता. म्हटलं, थोड्यानं काय होतंय. मशीन आहेच."

"मला सांगायचं होतं."

"सांगितलं असतं तर तू बंद केलं असतं."

तो श्वासासाठी थांबला. बाहेर नर्सच्या चपलांचा आवाज येत होता.

"तिला कळू देऊ नको," अमन म्हणाला. "काहीही झालं तरी. ती माझंच बोलणं धरून बसली होती, गिऱ्हाइकाला सांगायचो ते. आणि चेलनाचे बदाम बंद झालेत, ते चालू कर. तिच्याच हातानं. मला शब्द दे."

रूपलनं त्याच्या हातावर हात ठेवला. मान हलवली. अमननं ती बघितली.

मशीनला जोडलं, त्यानंतर तासाभरात त्याचं हृदय थांबलं. डॉक्टर छातीवर दाबत राहिले. मग थांबले.

उठावण्याला, तिसऱ्या दिवशीच्या शोकसभेला, खूप माणसं आली. खाजाभाईसुद्धा आले, बायकोला, अकबरीभाभींना, बरोबर घेऊन, हाताला पट्टी तशीच. बाहेरच्या सतरंजीवर बसून राहिले. निघताना रूपलला म्हणाले, "ताई, त्याची खुर्ची कालच दुसऱ्याला दिली." आणि डोळे पुसले.

बायका अक्कांजवळ बसून काय काय बोलत होत्या. एक म्हणाली, पोटॅशियम वाढलं म्हणे. दुसरी म्हणाली, खाण्यातूनच वाढतं ते, केळ्यातून, बदामातून. अक्का भिंतीला टेकून होत्या. त्यांनी मान वळवून त्या बाईकडं एकदा बघितलं.

पाहुणे गेल्यावर चार-सहा दिवसांनी वनाभाऊ किल्ल्या घेऊन आले. रडून रडून त्यांचा आवाज बसला होता. जाता जाता, मागच्या वेळची द्यायची राहिलेली कागदाची पुडी खिशातून काढून त्यांनी अक्कांच्या पुढ्यात ठेवली.

"अक्का, ही तुमनी बदामनी पुडी शे. मांगली राही गयथी."

अक्कांनी पुडीला हात लावला नाही. वनाभाऊ गेले तरी ती तिथंच, सतरंजीवर. रूपलनं ती उचलून आत नेली. अक्का बघत होत्या.

त्या दिवशी त्या जेवल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी नुसतं उकळलेलं पाणी. शेजारणींना वाटलं मुलासाठी तप चाललंय, म्हणून कुणी आग्रह केला नाही. आपल्या लोकांत उपवासाला कुणी कारण विचारत नाही, नुसते हात जोडतात. तिसऱ्या दिवशी सकाळी चेलना शाळेचे मोजे शोधत होती आणि रूपल देरासरहून आली, तर अक्का खोलीच्या दारात उभ्या होत्या. भिंतीला धरून.

"रूपल, बाकी कुणाला विचारत नाही मी. सगळे गोड बोलतात. तू खोटं बोलत नाहीस, म्हणून तुला विचारते. माझ्या राबेनं गेला का तो?"

रूपलच्या हातात पूजेची डबी होती. ती तिनं खाली ठेवली. 

"माझं सामायिक राहिलंय, अक्का," ती म्हणाली. "ते करते, मग येते तुमच्याकडं."

"ये," अक्का म्हणाल्या. "मी कुठं जात नाही." आणि आत जाऊन खाटेवर बसल्या. दार उघडंच ठेवलं.

रूपल कटासणं, बसायचं लोकरी आसन, अंथरून बसली. माळ हातात घेतली. नवकार म्हणत गेली, पण मणी पुढं जाईनात. साध्वीजी आता पारोळ्याच्या पुढं असतील, धुळ्याच्या वाटेवर. बरोबरच्या कुणाकडं फोन असेल, निरोप पोचवता येईल. पण निरोप काय द्यायचा? एक शब्द तुम्हाला दिला, एक त्यांना दिला, आता कुठला मोडू? त्या काय सांगतील ते तिला माहीत नव्हतं. आणि अमननं शब्द साध्वीजींकडं मागितला नव्हता. तिच्याकडं मागितला होता.

खरं सांगितलं तर अक्का पुन्हा अन्नाला शिवणार नाहीत, हे तिला दिसत होतं. लोक तप समजून अनुमोदना करतील, हात जोडतील. ढोल वाजतील. आणि आत ती म्हातारी मुलाच्या मरणाचं उत्तर तोंडात धरून वाळत जाईल. नाही म्हटलं, तर तो या तोंडाचा पहिला खोटा शब्द. तोही मुलगा गेलेल्या आईच्या समोर.

वेळ भरली. तिनं सामायिक पारलं, कटासणं घडी केलं. स्वयंपाकघरात वनाभाऊंनी आणलेली पुडी फळीवर होती. ती तिनं तशीच राहू दिली. स्टूल घेतलं, माळ्यावरचा डबा खाली काढला. कवचाचे बदाम, चातुर्मासातले उरलेले. दोन हातांनी हलवून बघितले, आत गर खुळखुळत होते. ओंजळभर एका ताटलीत घेतले. कोपऱ्यातला दगड उचलून पदरानं पुसला. दस्ता घेतला.

चेलना एक मोजा घालून दारात उभी होती.

"मम्मी, कुणाला फोडायचेत?"

"तुला."

"मला नको. पप्पांना चालत नव्हते."

रूपल खाली वाकली. पोरीचे डोळे खोल गेले होते, गेल्या महिन्यात तिच्याकडं कुणाचंच लक्ष नव्हतं.

"पप्पांना चालत नव्हते," ती म्हणाली. "तुला चालतात. पप्पांनीच सांगितलंय, चेलनाला बदाम द्या म्हणून. अक्कांच्या हातचे."

"पण आता तर सोललेले पण चालतात. अक्का म्हणते, चौमासा नाही आता."

"हो. पण हेच नेऊ. हे फोडले की घराला ऐकू येतात."

चेलनाला ते कळलं नाही. तिनं ताटली धरली, कारण आईच्या हातात दगड होता. दुसरा मोजा तिथंच पडून राहिला.

पुढच्या खोलीचं दार उघडं होतं. खाटेच्या पायाशी अक्कांचा पाय दिसत होता, स्थिर. रूपलनं लेकीला पुढं केलं, स्वतः दगड आणि दस्ता घेऊन मागून चालू लागली. हो किंवा नाही, दोन्ही न बोलता दस्ता अक्कांच्या हातात द्यायचा, एवढंच तिनं ठरवलं होतं.